परमुलुखांतील वैद्य आणि रोग्याची श्रद्धा

प्रवासवर्णनांत राजधान्या, राजवाडे, संग्रहालयें आणि आगगाड्या यांचीं वर्णनें पुष्कळ असतात. त्यांत सहसा न आढळणारी एक जागा आहे; ती म्हणजे इस्पितळांतील आजाऱ्याची खाट. निरोगी मनुष्य परक्याशीं शिष्टाचारानें वागूं शकतो. दुखणें जडलें कीं शिष्टाचार गळून पडतो आणि मनुष्य आपल्या भाषेकडे, आपल्या देवाकडे व आपल्या माणसांकडे वळतो. परक्या देशांत जो आजारी पडला, किंवा परक्या आजाऱ्याच्या उशाशीं जो बसला, त्याला त्या देशाची जी ओळख होते ती राजधानी पाहून होणारी नव्हे.

परमुलुख म्हणजे समुद्रापलीकडचाच देश, असें मात्र नाहीं. यवतमाळच्या दक्षिणेस वाघाडी नदीच्या कांठीं घाटंजी हें तालुक्याचें गांव आहे. भोंवतालच्या काळ्या जमिनींत कापूस होतो. वऱ्हाडचा कापूस एके काळीं लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत जात असे. तो पिकविणाऱ्यांपैकीं समुद्र पाहिलेला मनुष्य मात्र विरळा. याच तालुक्यांत रानाच्या कडेला कोलामांचे पोड आहेत. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. ती बहुधा मूळ गांवापासून थोडी दूर असते. कोलामी ही द्राविडी कुळांतील भाषा. मराठीशीं तिचें नातें शेजाराचें, कुळाचें नव्हे. शहरांत शिकून घाटंजीच्या सरकारी दवाखान्यांत रुजू झालेला एखादा तरुण डॉक्टर आणि पोडावरून आलेली एखादी अवघडलेली बाई यांच्यामधील अंतर मैलांनीं मोजलें तर थोडें आहे. भाषा, श्रद्धा आणि भीति यांच्या मापानें मोजलें तर तें समुद्रपर्यटनाएवढें भरेल. हें अंतर कसें तोडावें?

जीं मराठी माणसें परदेशीं जाऊन वैद्यक शिकलीं, किंवा तेथील रोग्यांच्या सेवेंत राहिलीं, त्यांना हाच प्रश्न उलट बाजूनें पडला होता. कारण तेथें परकीं तींच होतीं. त्यांच्या चरित्रांतून या प्रश्नाचें जें उत्तर हातीं येतें, तें घाटंजीलाहि लागू पडणारें आहे.

यांतील पहिलें नांव डॉ. आनंदीबाई जोशी यांचें. ३१ मार्च १८६५ रोजीं जन्मलेल्या कल्याणच्या या यमुनेचें लग्न नवव्या वर्षीं टपालखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें. चौदाव्या वर्षीं त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच तो गेला. त्याला वांचवूं शकेल असें वैद्यकीय साह्य मिळालें नाहीं. स्त्रियांच्या दुखण्याला स्त्री-वैद्य हवी, हा त्यांचा निश्चय या दुःखांतून पक्का झाला.

या विद्येची सोय त्या काळीं होती अमेरिकेंत. कोल्हापुरास मिशनचें काम केलेल्या रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास गोपाळरावांनीं पत्र लिहिलें. उत्तर आलें तें अटीसह: ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, म्हणजे साह्य होईल. जोशी दांपत्यानें ती अट मानली नाहीं. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकांत छापला गेला. न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दांतांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांनीं तें मासिक सहज उचललें, आणि सातासमुद्रांपलीकडच्या या अनोळखी मुलीला पत्र लिहावयाचें ठरविलें. कार्पेंटरबाईहि ख्रिस्तीच, परंतु त्यांनीं साह्याला धर्माची अट जोडली नाहीं. एकाच धर्माचीं हीं दोन माणसें आणि एकाच मासिकाचीं पानें. एकानें दार किलकिलें करून आंत येण्याचें मोल सांगितलें. दुसरीनें तेंच दार सताड उघडलें. परदेशच्या धर्माविषयीं बोलतांना हा भेद लक्षांत ठेवावा लागतो. धर्म एकच असला तरी तो माणसागणिक निराळा वागतो.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगाल्यांतील सेरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यांत, वयाची अठरा वर्षेंहि पुरीं न झालेल्या आनंदीबाईंनीं भाषण केलें. आपण हिंदु म्हणूनच जाणार आणि हिंदु म्हणूनच परत येणार, हें त्यांनीं तेथें स्पष्ट सांगितलें. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघून ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठविलेल्या अर्जांत त्यांनीं आपला हेतु सांगितला होता: आपल्या देशांतील स्त्रिया पुरुष-वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करतात, त्यांना खरें वैद्यकीय साह्य पोंचवावयाचें आहे. रोग्याची लाज आणि रोग्याची रूढि ही मूर्खपणा म्हणून झिडकारण्याची गोष्ट नसून, तिला पुरून उरेल असा उपाय वैद्यानेंच शोधला पाहिजे, असा या मागणीचा अर्थ होतो. अठरा वर्षांच्या मुलीनें केलेला हा विचार आजहि जुना झालेला नाहीं.

महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनीं त्यांना आधार दिला. १० ऑक्टोबर १८८५ रोजीं घेतलेल्या एका प्रसिद्ध छायाचित्रांत आनंदीबाई आपल्या देशी वेषांत बसल्या आहेत. शेजारीं जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लांबुली आपापल्या देशांच्या वेषांत आहेत. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंना पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. म्हणजे अमेरिकेंत राहूनहि त्यांची दृष्टि घरच्या बाळंतिणीच्या खोलीवर होती.

या कथेची दुसरी बाजू वगळून मात्र चालणार नाहीं. फिलाडेल्फियाची थंडी, अनभ्यस्त अन्न आणि अभ्यासाचा शीण यांनीं त्यांची प्रकृति ढांसळली. क्षयानें शरीरांत घर केलें. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांतील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. त्या जागेवर त्यांना एक दिवसहि काम करतां आलें नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें, तेव्हां बाविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली आणि न्यूयॉर्क राज्यांतील पोकिप्सी येथें त्या कुटुंबाच्या दफनभूमींत ती विसांवली. हिंदु म्हणून गेलेली व हिंदु म्हणून परतलेली स्त्री आणि तिच्या रक्षेला आपल्या माणसांत जागा देणारें ख्रिस्ती कुटुंब, यांनीं अट आणि आपलेपणा यांतील फरक कोणत्याहि प्रवचनापेक्षां अधिक स्पष्ट केला आहे.

अमेरिका म्हणजे उदारपणाचें माहेरघर, असा समज मात्र यावरून करून घेऊं नये. आनंदीबाई जेथें शिकल्या तें महाविद्यालय १८५० मध्यें निघालें. क्वेकर पंथाच्या मंडळींचा त्याला मोठा आधार होता. तरीहि १८६९ च्या नोव्हेंबरांत या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलांतील वर्गाला गेल्या, तेव्हां पुरुष विद्यार्थ्यांनीं आरडाओरड करून त्यांची हुर्यो उडविली. स्त्रीनें रोग्याची नाडी पाहूं नये, ही समजूत पुण्याची किंवा कल्याणचीच नव्हती.

ही दुसरी बाजू नीट पाहिली ती पंडिता रमाबाईंनीं. १८८२ मध्यें शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना त्यांनीं, हिंदी स्त्रियांना वैद्यकाचें शिक्षण मिळालें पाहिजे, असा आग्रह धरला होता. पुढें त्या इंग्लंडला गेल्या. १८८३ मध्यें तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि १८८६ मध्यें आनंदीबाईंच्या पदवीदानसमारंभासाठीं त्या फिलाडेल्फियाला आल्या. एक धर्म न सोडलेली आणि दुसरी धर्म बदललेली, अशा या दोघी मराठी स्त्रिया एका समारंभांत एकत्र आल्या, आणि दोघींनाहि बोलावणारें घर एकच होतें.

अमेरिकेंतील वास्तव्यावर रमाबाईंनीं लिहिलेलें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें पुस्तक १८८९ मध्यें प्रसिद्ध झालें. प्रवाशानें कसें पाहावें याचा तो मराठींतील एक उत्तम नमुना आहे. राज्यपद्धति, घरगुती स्थिति, शिक्षण, उद्योग यांच्या जोडीला धर्मपंथ आणि धर्मादाय कामें यांचा विचार त्यांत आहे. तेथें कोणताहि पंथ सरकारी नाहीं. लोकांच्या वर्गणीवर तो चालतो, आणि त्याच वर्गणींतून अनाथगृहें व शुश्रूषागृहें उभीं राहतात, ही गोष्ट त्यांच्या मनांत भरली. मात्र त्यांनीं डोळे मिटून स्तुति केली नाहीं. काळ्या लोकांना व त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूक त्यांनीं झांकून ठेवली नाहीं. दयाळू माणसांच्या देशांतहि दयेच्या सीमा आंखलेल्या असतात, हें त्यांनीं पाहिलें आणि लिहिलें.

असाच अनुभव थोड्याच वर्षांत पुण्याच्या दारीं आला. फरक इतकाच कीं या वेळीं परका मनुष्य पाहुणा नसून राज्यकर्ता होता. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस प्लेग उघडकीस आला आणि १८९७ च्या आरंभीं तो पुण्यांत पसरला. रँड यांच्या अधिपत्याखालीं गोरे सोजीर घरोघर झडती घेऊं लागले. स्वयंपाकघर आणि देवघर यांचा विधिनिषेध राहिला नाहीं. रोग्याला उचलून न्यावें, सामानाची नासधूस करावी, असा प्रकार चालला. सरकारी प्लेग-इस्पितळांतील स्त्रियांच्या व्यवस्थेविरुद्ध खुद्द पंडिता रमाबाईंनीं, त्या ख्रिस्ती असतांहि, उघड तक्रार केली. लोक रोगापेक्षां उपचारालाच अधिक भिऊं लागले आणि रोगी लपविले जाऊं लागले. २२ जून १८९७ च्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं रँड यांच्यावर गोळी झाडली. रोग्याला वेगळें ठेवण्याची कल्पना शास्त्रदृष्ट्या अगदींच चुकीची होती असें नाहीं. परंतु प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो, हें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखविलें तें १८९८ मध्यें. म्हणजे ज्यांना रोगाचें मूळ अद्याप ठाऊक नव्हतें, त्यांनींच लोकांकडून निमूट आज्ञापालनाची अपेक्षा केली होती.

त्याच दिवसांत, त्याच रोगाशीं, दोन माणसें निराळ्या रीतीनें वागलीं. मुंबईंत प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन हे ओदेसाचे ज्यू गृहस्थ. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली आणि मग इतरांना टोंचली. पुण्यांत सावित्रीबाई फुले यांनीं पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं देह ठेवला. एक समुद्रापलीकडून आलेला, दुसरी पुण्यांतलीच. परंतु ज्या संकटांत रोगी सांपडला त्यांत दोघांनींहि आधीं स्वतः पाऊल टाकलें. सोजिराच्या हातीं सत्ता होती. विश्वास मात्र या दोघांच्या वांट्याला आला.

पुढच्या पिढींत या रीतीचें मोठें उदाहरण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनीं घालून दिलें. १० ऑक्टोबर १९१० रोजीं जन्मलेले कोटणीस मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत शिकले. जपाननें चीनवर आक्रमण केलें, तेव्हां चीनकडून साह्याची विनंति आली आणि काँग्रेसनें पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. अलाहाबादचे अटल, नागपूरचे मोरेश्वर चोळकर, सोलापूरचे कोटणीस, आणि बंगाली बसू व मुखर्जी असे हे पांच जण १ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबई बंदर सोडून निघाले. चीनमध्यें पांचांनींहि आपल्या चिनी नांवांना ‘हुआ’ हें अक्षर जोडून घेतलें. ‘हुआ’ म्हणजे चीन. पाहुण्यानें यजमानाचें नांव धारण करण्याचा हा प्रकार लहान वाटतो, परंतु त्यांत मोठा अर्थ होता.

फेब्रुवारी १९३९ मध्यें पथक यानानला पोंचलें. पुढें एकेक जण परतले, कोटणीस राहिले. युद्धभूमीजवळच्या डोंगराळ भागांत त्यांच्या आधीं नॉर्मन बेथ्यून हे कॅनेडियन शल्यवैद्य काम करीत असत. जखमी इस्पितळांत पोंचेपर्यंत मरून जातो, तेव्हां इस्पितळानेंच जखमीकडे गेलें पाहिजे, हें बेथ्यून यांचें सूत्र होतें. शस्त्रक्रियेचें साहित्य खेंचरांवर लादून ते आघाडीच्या मागोमाग फिरत. शस्त्रक्रिया करतांना बोटाला झालेल्या जखमेंतून विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं ते वारले. त्यांच्या नांवानें चालणाऱ्या इस्पितळाचे प्रमुखपद १९४१ मध्यें कोटणीसांकडे आलें. तोंवर ते चिनी भाषा बोलूं, वाचूं आणि लिहूं लागले होते, आणि विद्यार्थ्यांना त्याच भाषेंत शिकवीत होते. क्वो छिंग्लान या शुश्रूषा शिकविणाऱ्या चिनी तरुणीशीं त्यांनीं १९४१ मध्यें लग्न केलें. मुलाचें नांव ठेवलें इन्हुआ. ‘इन्’ म्हणजे हिंदुस्थान आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या झटक्यांनीं कोटणीसांचा अंत झाला. वय अवघें ३२. व्ही. शांताराम यांनीं १९४६ मध्यें त्यांच्यावर बोलपट काढला, त्यामुळें त्यांचें नांव घरोघर गेलें. बोलपटांत शौर्य उठून दिसतें. पण चिनी शेतकऱ्यांच्या खेड्यांत त्यांना जी जागा मिळाली ती केवळ शौर्यामुळें नव्हे. रोगी ज्या भाषेंत कण्हतो ती भाषा शिकण्याची तसदी त्यांनीं घेतली होती.

कोटणीस परत आले नाहींत; आनंदीबाई परतल्या त्या मृत्यूला घेऊन. परदेशचें ज्ञान घेऊन परतावें आणि तें खेड्यांत रुजवावें, हें काम स्वातंत्र्यानंतरच्या मंडळींनीं केलें. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन आलें आणि १९७० मध्यें त्यांनीं तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेडला काम सुरू केलें. शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत घरोबा जमेना, तेव्हां त्यांनीं गांवांतल्याच बायका निवडून त्यांना आरोग्यसेविका केलें. त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती. अनेकी ज्या जातींना गांव शिवत नसे अशा जातींच्या होत्या. अशा बाईच्या हातून पाणी न घेणारें घर, मूल तापानें फणफणलें कीं तिलाच बोलावूं लागलें. आरोळे दांपत्य ख्रिस्ती होतें. परंतु औषधाचें मोल म्हणून त्यांनीं कोणाची श्रद्धा मागितली नाहीं. वाइल्डरांची अट आणि कार्पेंटरबाईंचें उघडें दार यांपैकीं त्यांनीं कोणता मार्ग घेतला, हें सांगावयास नको.

विदर्भांतलेंच उदाहरण हवें असेल तर तें गडचिरोलीचें आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेहि जॉन्स हॉपकिन्समध्येंच शिकले, आणि १९८६ मध्यें त्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांत ‘सर्च’ ही संस्था काढली. आदिवासी लोक इस्पितळांत कां येत नाहींत, हें त्यांनीं आदिवासींनाच विचारलें. उत्तरें विचार करावयास लावणारीं होतीं. इस्पितळांत रोग्याला आंत घेतात आणि त्याच्या माणसांना बाहेर काढतात. तेथील डॉक्टर व परिचारिका पांढऱ्या वस्त्रांत असतात, आणि पांढरें वस्त्र आमच्यांत प्रेताला गुंडाळतात. तेथें आमचा देव नाहीं. या उत्तरांवर हंसण्याऐवजीं बंग दांपत्यानें तीं लिहून घेतलीं. मग जें इस्पितळ उभें राहिलें तें गोंड पाड्यासारखें: झोंपड्यांच्या बांधणीचें, रोग्याबरोबर त्याच्या माणसांनाहि राहतां येईल असें. त्याला नांव मिळालें तें दंतेश्वरी देवीचें.

याच ठिकाणीं शास्त्रानेंहि आपलें काम चोख केलें. नवजात बालकें इस्पितळांत पोंचत नाहींत, म्हणून त्यांची काळजी घरींच घेण्याची रीत बसविण्यांत आली. ३९ गांवांतील शिकविलेल्या बायका बाळंतिणीच्या घरीं जात. बाळाचें वजन करीत, त्याला ऊब देत, जंतुसंसर्गाचीं लक्षणें ओळखून औषध देत. १९९५ ते १९९८ या काळांत त्या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यू, शेजारच्या तुलनेच्या गांवांशीं ताडून पाहतां, सुमारें ६२ टक्क्यांनीं कमी झाले. हा प्रयोग १९९९ मध्यें लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. देवीचें नांव आणि आंकड्यांची शिस्त एकाच अंगणांत नांदूं शकतात, हें त्यानें जगाला दाखविलें.

आतां पुन्हां घाटंजीच्या पोडाकडे यावें. गडचिरोलीची ती रीत २०११ मध्यें सबंध देशाच्या आरोग्यव्यवस्थेनें स्वीकारली. २००५ मध्यें सुरू झालेल्या योजनेंतील ‘आशा’ म्हणजे गांवांतलीच आरोग्यसेविका. तिनें प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं बाळाला घरीं जाऊन पाहावयाचें असतें. प्रसूति घरींच झाली असेल तर पहिल्या दिवशींहि. बाल्टिमोरच्या विद्यापीठांतील विद्या गडचिरोलीच्या रानांत रुजून अशी यवतमाळ जिल्ह्याच्या उंबरठ्यावर येऊन पोंचली आहे. परंतु उंबरठा ओलांडण्याचें काम अजून ज्याचें त्यालाच करावें लागतें. आशा मूळ गांवची असेल, पोडाची बोली तिला येत नसेल, आणि पोडावरची सासू तिला परकी समजत असेल, तर दिवसांचें हें कोष्टक कागदावरच राहील. मूळ गांवापासून पोडापर्यंतचें थोडकें अंतरहि परदेशाएवढें होऊं शकतें तें असें.

येथें एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. श्रद्धेचा मान राखावयाचा म्हणजे कोठवर? पावसाळ्यांत शेतांत काम करणाऱ्या बाईला साप चावला. घरचीं माणसें तिला भगताकडे नेऊं पाहतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चारहि सापांच्या विषावर चालणारें प्रतिविष सरकारी दवाखान्यांत देतां येतें. मंत्रानें विष उतरत नाहीं, आणि वायां गेलेली प्रत्येक घटका रोग्याच्या जिवावर बेतते. अशा वेळीं श्रद्धेच्या नांवाखालीं स्वस्थ बसणें म्हणजे रोग्याला सोडून देणें होय. आनंदीबाईंनीं धर्म सोडला नाहीं, परंतु धर्माच्या नांवाखालीं बाळंतिणी मरूं द्याव्या असेंहि मानलें नाहीं. उलट त्यासाठींच त्या समुद्र ओलांडून गेल्या. उपचाराचें मोल म्हणून कोणाची श्रद्धा मागूं नये, हें जितकें खरें, तितकेंच श्रद्धेपायीं उपचार अडवूं नये, हेंहि खरें.

परंतु हें दुसरें सत्य रोग्याच्या घरच्यांच्या गळीं उतरावयाचें असेल, तर पहिलें आधीं पाळलें गेलेलें असावें लागतें. ज्या भगताला वर्षभर वेडगळ म्हणून हिणविलें, त्याचें मन ऐन रात्रीं वळविणें दुर्घट आहे. ज्याच्याशीं वर्षभर माणुसकीनें बोलणें ठेवलें, तो स्वतःच “हिला आधीं दवाखान्यांत न्या, अंगारा मागाहून लावूं” असें म्हणण्याचा संभव असतो; आणि पोडावर त्याच्या शब्दाइतकें वजन कोणत्याहि सरकारी फलकाला नसतें. प्लेगच्या सोजिरांना जें बंदुकीनें साधलें नाहीं, तें येथें ओळखीनें साधतें. ही ओळख संकटाच्या रात्रीं जोडतां येत नाहीं. ती आधीं, साधारण दिवसांत, पाड्यावर पाऊल टाकून जोडावी लागते.

यासाठीं मोठ्या इमारती हव्यात असें नाहीं. कोलामी भाषेंतील दहा-वीस शब्द डॉक्टराला यावेत. कोठें दुखतें, केव्हांपासून, भिऊं नको, एवढे तरी. बाळंतिणीच्या खाटेशेजारीं तिच्या सासूला किंवा आईला बसूं द्यावें. दंडाला बांधलेला ताईत कापण्यापूर्वीं विचारावें. बहुतेक वेळां तो न कापतांहि सुई टोंचतां येते. पोडावरचीच एखादी लिहूं-वाचूं शकणारी मुलगी आरोग्यसेविका व्हावी, म्हणून गांवानें आणि सरकारानें तिचें शिक्षण पुरें होऊं द्यावें. कोल्हापूरच्या इस्पितळांतील त्या जागेवर आनंदीबाईंना एक दिवसहि बसतां आलें नाहीं. पोडांतून शिकून आलेली पहिली परिचारिका किंवा डॉक्टर घाटंजीच्या दवाखान्यांत कोलामींत रोग्याची विचारपूस करील, त्या दिवशीं समोरच्या बाळंतिणीला दुभाष्याची गरज उरणार नाहीं, आणि डॉक्टराला परमुलुखाची.